आरसा पाठवायच्या आधी तो लेझर गोल फिरवून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि खरं सांगते, वाटलं माझीच २०२० सालची पोस्ट कोणीतरी परत टाकलीये. १० इंची डॉब (हातानं ढकलत वापरायची आरशाची दुर्बीण), दर वेळी लेझरनं कॉलिमेशन (म्हणजे आरसे एकमेकांशी जुळवणं), ठिपका बरोब्बर मुख्य आरशाच्या मध्यावरच्या रिंगच्या मधोमध, आणि तरी गुरू असा की साबणाच्या पाण्यातून बघतोय, पट्टे दोनच आणि तेही नशीब असेल तर. आणि विकणारे म्हणतायत मुख्य आरसा काढून पाठवा, तपासून देतो. पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर, नका पाठवू. निदान या आठवड्यात तरी नका.

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून गार होऊ देणं, ग्रह चांगला वर आल्यावरच बघणं, हे तुम्ही करत असणारच, त्यात जात नाही. मला एकच विचारायचंय. लेझरनं दुर्बीण तपासता ते ठीक, पण लेझर तपासलाय का कधी?

मी नव्हता तपासला. दीड वर्ष. दुर्बिणीसोबतच घेतला होता, नवा कोरा, डब्यावर "अचूक" असं छापलेलं, मग कशाला शंका घेईन. माझं मशीन १० इंची, फोकल लांबी १२०० मिमी, म्हणजे एफ/४.७ (लांबी भागिले आरशाचा व्यास, हा आकडा जितका लहान तितकी दुर्बीण "फास्ट"), यात कॉलिमेशन जरा हललं की लगेच भोवतं (एफ/८ वाल्याला कदाचित कळलंही नसतं). आणि खरी लाज वाटते ती याची की तारा मला सांगत होता. ध्रुव तारा जरा आऊट ऑफ फोकस केला की गोल बांगडी दिसायला पाहिजे, मला दिसायची एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक. पण मी अर्धवट वाचलं होतं की जास्त फास्ट दुर्बिणीत सेकंडरी (नळीच्या तोंडाकडचा छोटा तिरका आरसा) थोडी सरकवून बसवलेली असते, म्हणून म्हटलं त्याचीच सावली असेल. लेझर म्हणतोय ओके, मग ओके. अर्धवट वाचन फार वाईट.

मग सर्व्हिसवाल्यांना लिहिलं. पहिलं उत्तर, फोटो पाठवा. पाठवला. दुसरं उत्तर, सीरियल नंबर पाठवा, जो मी पहिल्याच मेलमध्ये लिहिला होता. तिसऱ्या वेळी दुसऱ्याच माणसानं पहिल्यापासून सगळं परत विचारलं. तीन आठवडे हे चालल्यावर म्हणाले आरसा पाठवा. एवढ्यात एकानंही विचारलं नाही की बाई, कॉलिमेशन कशानं करता? एक ओळ होती ती. सप्टेंबरच्या मध्यावर आरसा खोक्यात घालून पाठवला.

आता २०२०च्या ऑक्टोबरमध्ये काय होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. मंगळ. २०१८ला तो जवळ आला तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ, नुसता नारिंगी गोळा, म्हणून मी दोन वर्षं या प्रतियुतीकडे (मंगळ सूर्याच्या विरुद्ध बाजूला, पृथ्वीच्या जवळ येतो ती वेळ) डोळे लावून बसले होते. १३ ऑक्टोबरला प्रतियुती, त्या महिन्यात बिंब २२.६ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आकाशात भरपूर वर, आणि माझ्याकडे आरसा नसलेली नळी. २०२७ला तो १४ आर्कसेकंदसुद्धा भरणार नाही, परत त्या मापाच्या आसपास यायला २०३३ उजाडेल. २१ डिसेंबरला गुरू-शनी एकमेकांपासून ०.१ अंशावर आले, तेही १०x५० बायनॉक्युलरनंच बघितले. आरसा जानेवारीत परत आला, सोबत चिठ्ठी, "तपासणी केली, दोष आढळला नाही." मी तो बसवला, त्याच लेझरनं कॉलिमेट केला आणि गुरू परत साबणात!

शेवटी आमच्या निरीक्षणाच्या रात्री एक वयस्कर काका आले, माझं रडगाणं ऐकून घेतलं, काही न बोलता फोकसरचा (आयपीस बसवतो त्या नळीचा) स्क्रू सैल केला आणि आतल्या आत लेझर हळूहळू फिरवला. आरशावरचा लाल ठिपका चालायला लागला. रिंगच्या बाहेर पडला, लांबून वळसा घालून परत जागेवर. वर्तुळ सहा सेंटीमीटरचं तरी असेल. काका म्हणाले, "हा काय मोजणार?"

होतं असं की लेझर तिरका असला की त्याच्या हिशोबानं आपण सेकंडरी तिरकी करतो, मग त्या सेकंडरीच्या हिशोबानं मुख्य आरसा, आणि परतीचा किरण मात्र छान लेझरच्या भोकात येऊन बसतो कारण तो आला त्याच वाटेनं परत चाललाय. सगळं जुळलेलं दिसतं आणि सगळंच तिरकं असतं.

मनाला लावून घेऊ नका, हबल अंतराळ दुर्बिणीचंही हेच झालं. २.४ मीटरचा आरसा, घासाई अप्रतिम, पण ज्या उपकरणानं आकार मोजत होते त्यातलं एक भिंग १.३ मिमीनं चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा काठाला साधारण २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. दुसऱ्या साध्या चाचण्यांत गडबड दिसली होती, पण मोठं उपकरण जास्त भरवशाचं म्हणून ती सोडून दिली. १९९० मध्ये वर गेल्यावर कळलं, डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. माझ्याकडे काका आले, एवढाच फरक.

तर आज काय करायचं. आधी फोकसरमध्येच लेझर फिरवून बघा. ठिपका फिरला तर लगेच लेझरला शिव्या घालू नका, फोकसरच्या नळीत तो सैल बसत असेल तरीही असं होतं. खरी टेस्ट अशी की एका फळीवर चार खिळे ठोका, दोन-दोन जोडीनं तिरके, म्हणजे इंग्रजी व्ही सारखी खाच होते. त्यात लेझर आडवा ठेवा, आठ-दहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि न उचलता गोल फिरवा. ठिपका जागच्या जागी राहिला तर लेझर निर्दोष सुटला. वर्तुळ काढायला लागला तर अंगावर तीन बारीक स्क्रू असतात, बऱ्याचदा स्टिकरखाली किंवा सिलिकॉन भरलेले, ते अगदी थोडे थोडे फिरवत वर्तुळ लहान करत आणायचं. मला दीड तास लागला आणि मानेचे हाल झाले. किरण डोळ्यात जाऊ देऊ नका, घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवा.

खरं तर मी आता लेझर वापरतच नाही, हे माझं वैयक्तिक मत, लेझरवाल्यांनी भांडायला येऊ नये. फोकसरची प्लास्टिकची टोपी घेतली, बरोब्बर मध्यावर दोन मिमीचं भोक पाडलं, दिवसाउजेडी त्यातून बघते. सेकंडरी गोल दिसली पाहिजे, तिच्यात मुख्य आरशाच्या सगळ्या क्लिपा दिसल्या पाहिजेत, आणि भोकाचा काळा ठिपका रिंगच्या आत आला पाहिजे. मग रात्री ध्रुवावर हाय पॉवर लावून बांगडी तपासायची. ध्रुव यासाठी की तो जवळजवळ जागचा हलत नाही, डॉबला ढकलत बसावं लागत नाही. तारा आणि बाकी कशाचं जमलं नाही तर ताऱ्याचं ऐकायचं.

हो, सेकंडरीचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा आणि ॲलन की मनगटाला दोरीनं बांधा. हातातून सुटली तर सरळ आरशावर. आणि आरशावर थोडी धूळ दिसली म्हणून फडकं मारू नका, ती चूक मी केलेली नाही पण करणाऱ्याचा आरसा बघितलाय.

आता मी काही ऑप्टिक्सवाली नाही, तुमचा आरसा खरोखर खराब असूही शकतो. कॉलिमेशन नीट झाल्यावरसुद्धा तारा फोकसच्या अलीकडे एका दिशेला लांबट आणि पलीकडे काटकोनात लांबट दिसला तर तो ॲस्टिगमॅटिझम. मग आरसा त्याच्या जागी थोडा फिरवून बसवा. लांबटपणाही सोबत फिरला तर दोष आरशात, मग पाठवा खुशाल, पण आधी कॅलेंडर बघून. तारा तिकोनी दिसला तर आरशाच्या क्लिपा आवळल्यात, कागद सरकेल एवढ्या सैल करा, दहा मिनिटांचं काम आहे.

खिळ्यांची टेस्ट ढग असले तरी होते, आजच करा. आणि फोकसरमध्ये फिरवल्यावर आरशावर ठिपका किती फिरला ते इथे लिहा, माझ्या सहा सेंटीमीटरला कोणी मागे टाकतंय का बघू.