मुलीचं मेडिकल: स्वस्तातलं कॅथलिक कॉलेज घ्यावं का?

ताई, तुमचं गणित असं की लेकीला अमेरिकेत दोन प्रायव्हेट मेडिकल स्कूलला ॲडमिशन मिळालीय, एक कॅथलिक संस्थेचं, वर्षाचा सगळा खर्च ७८,००० डॉलर, दुसरं कुठल्याच धर्माशी संबंध नसलेलं पण ९६,०००, आणि तुम्ही दोघं मिळून वर्षाला २५,००० देणार. कॅथलिक कॉलेजच्या धार्मिक नियमांची कटकट नको म्हणून वर्षाला वरचे १८,००० मोजायचे का, हा तुमचा प्रश्न.

आधी लोनचं बघा, खरी मेख तिथेच आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने लोन घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी लोन) बंद, मेडिकलला सरकारी लोन वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखच. म्हणजे पहिल्या कॉलेजला वर्षाला तीनच हजार कमी पडतात, ते कसेही उभे राहतील, पण दुसरीकडे २१,००० म्हणजे चार वर्षांत ८४,००० कमी पडतात आणि ते सगळे प्रायव्हेट लोनमधून, ज्यावर बहुतेक तुम्हालाच को-साइन, म्हणजे हमीदार म्हणून सही, करावं लागेल. शिवाय नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी लोन माफ होऊ शकतं (कॅथलिक नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलंही त्यात धरतात), प्रायव्हेट लोनला ती सोय नाहीच.

आता नियम. सगळी धार्मिक कॉलेजं एकाच माळेचे मणी नसतात हो. जॉर्जटाउन, क्रेटन ही जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक संघाची, तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. लोमा लिंडा ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, तिथे दारू-सिगरेट बंद, शनिवार पाळतात, चॅपल म्हणजे प्रार्थनासभाही असते. त्यामुळे नाव बघून घाबरू नका, त्या कॉलेजचं हँडबुक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नियमांचं पुस्तक, वाचा.

पण तिला स्त्रीरोगात जायचंय असं तुम्ही लिहिलंय तिथे मी थांबलो. कॅथलिक हॉस्पिटलं बिशपांच्या नियमावलीने चालतात, गर्भपात नाही, कुटुंबनियोजनासाठी नसबंदी नाही, गर्भनिरोधकांवरही बंधनं, मग हे तिने शिकायचं कुठे? बाहेरच्या हॉस्पिटलात रोटेशन (काही आठवडे प्रत्यक्ष काम करून शिकणं) मिळेल का ते ईमेलवर विचारा, फोनवरचं ऐकून डिपॉझिट भरू नका. स्टुडंट इन्शुरन्समध्ये गर्भनिरोधक गोळ्या कव्हर आहेत का तेही त्यातच विचारा.

रोटेशनचं उत्तर हो आलं तर मी बिनधास्त पहिलं घेईन. पण नियमांपायी तिला चार वर्षं लपूनछपून राहावं लागणार असेल तर ते ८४,०००चं प्रायव्हेट लोन घेतलेलं बरं, कारण नियम मोडला म्हणून मध्येच काढलं तर डिग्री जाते, कर्ज मात्र तसंच राहतं. म्हणून हँडबुक तिलाच वाचू द्या, राहायचं तिला आहे.