नवीन व्हीयू३ लायसन्स मिळालंय, हँडसेटवर नेमकं कुठं बोलता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला राहता, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आणि व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरची तुमची ओळख) नुकताच मिळालाय. चायनीज हँडसेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ दाखवतो आणि यूट्यूबवरचा माणूस १४६.५२० वर हाक मारायला सांगतो. मारायची का?

नका मारू. १४६.५२० ही अमेरिकेची कॉलिंग फ्रिक्वेन्सी आहे. त्यांचा टू मीटर बँड, म्हणजे हॅमसाठी राखलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा, १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ, आपला १४६लाच संपतो. म्हणजे तिकडे बिनधास्त चालणारी गोष्ट इथं सरळ लायसन्सबाहेरची. नवीन पोरांचा निम्मा गोंधळ या व्हिडिओंमुळेच होतो असं माझं मत आहे. टेक्निशियन, जनरल, एक्स्ट्रा हे वर्ग तिकडचे. आपल्याकडे दोनच, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. 'जनरल' नाव सारखं दिसलं म्हणून त्यांचा बँडचा रंगीत तक्ता भिंतीवर चिकटवू नका. फोर्टी मीटर या दुसऱ्या बँडवरही तेच: आपला बँड ७.००० ते ७.२००. ते लोक ७.३००पर्यंत जातात, आपल्याकडे ७.२००च्या वर ब्रॉडकास्ट स्टेशनं सुरू होतात.

हँडसेट काय दाखवतो त्याला काही अर्थ नाही. १३६ ते १७४मध्ये सरकारी खात्यांचे आणि खासगी वायरलेस सेटही चालतात, आणि हा डबा कुणालाच अडवत नाही. त्यामुळे हद्द आपणच घालून घ्यायची. कॉम्प्युटरला केबल लावून चिर्प या हँडसेटच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएचएफ १४४ ते १४६ आणि यूएचएफ ४३४ ते ४३८ एवढंच ठेवा. नंतर चुकून भलताच आकडा दाबला गेला तरी पीटीटी (बोलायचं बटण) दाबून काही जात नाही.

आता जी गोष्ट परीक्षेला पाठ होते पण डोक्यात बसत नाही ती. डिस्प्लेवरचा आकडा बँडच्या आत असला म्हणजे तुमचा आवाजही आत असतोच असं नाही. एफएमवर, म्हणजे हँडसेटच्या बोलण्याच्या पद्धतीत, सिग्नल आकड्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ किलोहर्ट्झ पसरतो. १४५.९९५ वर बोललात तर आकडा हद्दीत, पण सिग्नलची एक कड १४६च्या पलीकडे. एसएसबी या बोलण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तर सगळा आवाज एकाच बाजूला असतो. ट्वेंटी मीटर बँडवर यूएसबी, म्हणजे वरची बाजू, वापरतात, आवाज आकड्याच्या वर साधारण पावणेतीन किलोहर्ट्झ जातो. बँड १४.३५०ला संपतो, म्हणून १४.३४९ वर बोलणारा माणूस बाहेर पडलेला असतो. मी १४.३४६च्या वर जातच नाही. फोर्टीवर एलएसबी म्हणजे खालची बाजू, तिथं उलटं: खालच्या टोकाशी, ७.००० जवळ सांभाळायचं.

पॉवर आणि एमिशन, म्हणजे व्हॉइस की मोर्स की डेटा, हे ग्रेडप्रमाणे बदलतं. रिस्ट्रिक्टेडला जनरलपेक्षा कमी वॅट मिळतात. बाजारातले बहुतेक एचएफ रिग, म्हणजे फोर्टी-ट्वेंटीसारख्या बँडचे मोठे सेट, १०० वॅटचे असतात, तेव्हा घेतल्या घेतल्या मेनूत जाऊन पॉवर खाली आणा. किती, ते व्हॉट्सॲप ग्रुपला विचारू नका. लायसन्ससोबतच्या तक्त्यात बँडनिहाय छापलेलं असतं, तोच कागद प्रमाण. त्याची झेरॉक्स रिगजवळ ठेवा.

काय बोलायचं यालाही बंधन आहे. हवामान, अँटेना, सिग्नल रिपोर्ट, ख्यालीखुशाली चालेल. मोंढ्यात सोयाबीनचा सौदा ठरवायचा असेल तर फोन करा, हॅमवर धंद्याचं बोलणं चालत नाही. गाणी लावणं, सांकेतिक भाषा हेही नाही. कॉलसाइन सुरुवातीला आणि शेवटी सांगायचाच. आणि ७.११० मेगाहर्ट्झ लक्षात ठेवा. आपल्या भागासाठी आणीबाणीच्या संपर्काची ती ठरलेली जागा आहे. किल्लारीच्या भूकंपासारखी वेळ आलीच तर तिथं आधी ऐका, आणि काम चालू असेल तर मधे बोलू नका.

पहिले काही दिवस नुसतं ऐकलंत तरी चालेल. सकाळी फोर्टीवर पुणे, हैदराबाद, बंगळुरूची स्टेशनं गप्पा मारत असतात, बोलायची रीत तिथंच कळते. हँडसेटवर ४३७.८०० लावून ठेवा. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना त्याचा रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारा सेट) चालू असेल तर गच्चीवरूनही ऐकू येतो. स्थानक तुमच्याकडे येत असताना आकडा पाच-दहा किलोहर्ट्झ वर आणि लांब जाताना तेवढाच खाली घ्यावा लागतो.