एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) अंतिम सामन्यात दुखापतीतून पुरता न सावरलेला खेळाडू खेळवावा का?

शंका उरली असेल तर खेळवू नये, नाव कितीही मोठं असो. मैदानात प्रत्येक संघाचे 18 जण सतत धावत असतात, बदली खेळाडू मोजके आणि अदलाबदलींवरही मर्यादा. एक जण लंगडू लागला की बाकीच्यांची विश्रांती कमी होते. 2022 च्या अंतिम सामन्यात सिडनीने जांघेच्या दुखापतीतून उठलेल्या सॅम रीडला उतरवलं आणि सामना संपण्याआधीच त्याला बाहेर काढावं लागलं. प्रतिस्पर्धी जिलाँगने मात्र मांडीचा स्नायू दुखावलेल्या तरुण मॅक्स होम्सला वगळलं. त्या पोराचं फार वाईट वाटलं, तरी निर्णय योग्यच होता. अर्थात जिलाँग तब्बल 81 गुणांनी जिंकलं. एवढी तफावत एकट्या रीडमुळे पडलेली नाही.