‘गोपगीत’ की ‘जानपद कविता’?

मेंढपाळांच्या आणि रानातल्या जीवनावरच्या ज्या कवितेला इंग्रजीत ‘पॅस्टोरल’ म्हणतात, तिला मराठीत ‘गोपगीत’ म्हणावे की ‘जानपद कविता’, आणि ट्रॅक्टर-ठिबकच्या काळात ती लिहिता तरी येईल का, असे नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे.

‘गोपगीत’ हा शब्द ग्रीक-लॅटिन परंपरेपुरता ठेवावा, असे मला वाटते; कारण गोप म्हटले की आपल्या मनात गोकुळच उभे राहते. ‘जानपद’ अधिक नेमका आहे. संस्कृतात ‘पौर’ आणि ‘जानपद’ ही जोडी आहे, म्हणजे पुरात राहणारे आणि पुराबाहेरचे. शहरावाचून या शब्दाला अर्थ नाही आणि या काव्यप्रकाराचेही तसेच आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक कवी थिऑक्रिटसने मेंढपाळांची गीते लिहिली, तेव्हा अलेक्झांड्रियासारखी मोठी नगरे भरभराटीला आली होती. पुढे लॅटिन कवी व्हर्जिलच्या पहिल्याच गोपगीतात जमीन हिरावली गेलेला मेलिबियस आपल्या शेळ्या हाकत परागंदा होतो. ज्या परंपरेने इतक्या लवकर बेदखलीचे दुःख गायले, ती यंत्रयुगात टिकणार नाही असे मानायला मला आधार दिसत नाही.

मराठीत १९३०च्या सुमारास जानपद गीते बहराला आली, पण त्यांतले खेडे बरेचसे शहरात शिकलेल्या कवींच्या नजरेतले होते. १९६७ साली ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ आल्या आणि स्वतः शेती करणाऱ्याची भाषा कवितेत उतरली.

आजच्या कवीला निफाडची द्राक्षबाग पुरेशी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणीचा ब्लोअर सुरू होतो, आणि थंडीत पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. धूर, जागरण, कर्ज आणि पिकावरची माया त्या एकाच रात्रीत असतात. हे लिहिताना ‘डाऊनी’ आणि ‘ब्लोअर’ गाळून ‘हिरवे हिरवे रान’ ठेवले, तर कविता खोटी पडेल. शेजारच्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायला धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह त्यांचा तळ, उतरतो. त्यांच्या ओव्या हे खऱ्या मेंढपाळांचे काव्य आहे, पण त्यांना जानपद कविता म्हणू नये, ती लोकगीते आहेत.

म्हणून माझे उत्तर असे, की शहरातून रानाकडे पाहणारी कविता ती ‘जानपद’, बागायतदाराने स्वतः लिहिली ती ‘ग्रामीण’, आणि नाशिकच्या आसपास या दोन्ही प्रकारांना आजही भरपूर वाव आहे.