'शाळा' आधी वाचावी की आधी सिनेमा बघावा?

तुम्ही विचारलंय, मिलिंद बोकिलांची 'शाळा' आधी वाचू की सुजय डहाकेंचा सिनेमा आधी बघू, आणि सिनेमा बघितल्यावर पुस्तकात काही उरतं का? उरतं, बरंच उरतं. पण आधी वाचाच.

मी नेमकं उलटं केलं. २०१२च्या जानेवारीत सिनेमा लागला तेव्हा थेटरात जाऊन बघितला आणि २००४ पासून दुकानात असलेलं पुस्तक त्यानंतर हातात घेतलं. आता कादंबरीचा नायक मुकुंद जोशी म्हटलं की अंशुमन जोशी दिसतो आणि त्याला आवडणारी शिरोडकर म्हटलं की केतकी माटेगावकर. दोघंही गोडच आहेत, पण आपापली शिरोडकर मनात रंगवायची मजा माझ्या हातून गेली ती गेलीच.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. आणीबाणीचा काळ, नववीतला मुलगा, त्याला वर्गातली एक मुलगी आवडते. ती 'लाईन देते' की नाही, यावर मित्रांची खलबतं. असल्या गोष्टीवर तीनशे पानं कशी भरतात? तर सगळं मुकुंदच सांगतो म्हणून. समजा शिरोडकरने मान वळवून बघितलं. पडद्यावर ते दोन सेकंदांत होऊन जातं. मुकुंदाच्या डोक्यात मात्र लगेच कोर्ट बसतं: माझ्याकडेच बघितलं का? की मागच्या बाकावरच्याकडे? की नुसतीच खिडकीकडे? पुस्तकाचा सगळा जीव या कोर्टात आहे आणि कॅमेरा तिथे फारसा शिरू शकत नाही. शिवाय हा मुलगा मनातल्या मनातसुद्धा तिला 'शिरोडकर'च म्हणतो. आडनावाने हाक मारून इतकं प्रेम करता येतं हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको, तुम्हाला कदाचित गंमत वाटेल.

म्हणून सिनेमा वाईट आहे असं मुळीच नाही. दिग्दर्शकाने मुकुंदाची बडबड कमी करून त्या जागी चेहरे आणि शांतता ठेवली, आणि ते धाडस बहुतेक ठिकाणी जमलंय. अविनाश देशपांड्यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचाही मिळाला. दिएगो रोमेरो या परदेशी छायाचित्रकाराने आपली शाळा इतकी ओळखीची कशी टिपली, याचं मला अजून नवल वाटतं. आणीबाणी मात्र मला पुस्तकातलीच जास्त भिडली. मोठी माणसं बोलतात, पोराच्या कानावर पडतं, अर्धं कळतं, अर्धं राहतं.

(याच कादंबरीवर 'गमभन' हे नाटकही आलं होतं आणि २००८ मध्ये 'हमने जीना सीख लिया' नावाचा हिंदी सिनेमाही. हिंदीवाला राहिला तरी चालेल.)

शेवट सांगत नाही. वाचून झाल्यावर महिनाभर जाऊ द्या, मग बघा. मुकुंदाचा मित्र सुऱ्या तेवढा सिनेमातल्या केतन पवारचाच खरा, तिथे पुस्तकानेही हात टेकावेत. मी वाचताना त्याला दुसरा आवाज देऊन बघितला. चार पानं नाही टिकला.