शेकोटीत की शेकोटीला?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकांनी विचारलंय : सातवीच्या मुलांसाठी खोल समुद्रावर उतारा लिहितेय. समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाणी फुटतं, त्या जागेला ‘उष्णजलीय निर्गममार्ग’ लिहू की ‘गरम पाण्याचे झरे’? आणि ‘तिथले प्राणी उकळत्या पाण्यात राहतात’ हे वाक्य चालेल का?

बाई, निर्गममार्ग बसस्टँडच्या पाटीवर राहू दे. झरेच लिहा. घाटाखाली कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात, पण आपल्या पोरांना त्यातून मे महिनाच आठवणार. शेजारच्या कन्नड वर्गातली मुलं ‘बिसिनीरिन बुग्गे’ म्हणतात, ते सांगितलंत तर निम्मा वर्ग लगेच मान डोलावेल. झऱ्याच्या तोंडाशी खनिजं साचून जे नळकांडं उभं राहतं त्याला ‘धुराडं’ म्हणा, फक्त त्यातून निघतो तो धूर नव्हे, धातूंच्या सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगाचे, काळे कण असतात हेही लिहा.

खरी गडबड दुसऱ्या वाक्यात आहे. ‘उकळत्या’ चूक. धुराड्यातलं पाणी ३५० अंशांच्या वर जातं, पण अडीच हजार मीटर खोलीवर दाब हवेच्या अडीचशे पट असतो, म्हणून ते उकळत नाही. कुकरमधलं पाणी शंभरच्या पुढे चढतं, तोच न्याय.

‘पाण्यात’मधला ‘-त’ तर त्याहून चूक. संकेश्वर-निपाणीकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं ढकलणारा गडी बघा. तो धगीला बसतो, धगीत नाही. आपणही शेकोटीला बसतो. शेकोटीत बसलो तर संपलंच. तळाचं पाणी जेमतेम २ अंशांचं. कढत धारेपासून थोडं हटलं की गारठा. प्राण्यांची दाटी असते ती या दोहोंच्या सांध्यावर. पॉम्पेई कृमी धुराड्याच्या भिंतीलाच चिकटून घर करतो, पण ५० अंशांच्या पुढे तोही तगत नाही.

या सांध्याचं कारण नुसती ऊब नव्हे. १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ ‘अॅल्विन’ पाणबुडीतून दिसलेले नळीकृमी घ्या. वाढले तर दोन मीटर लांब. तोंड नाही, आतडं नाही. पोटात जिवाणू पाळलेले, तेच रांधतात. त्यांना झऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड हवा आणि गार पाण्यातला ऑक्सिजनही. कृमीचा लालभडक तुरा दोन्ही ओढून घेतो. धारेत शिरला तर भाजेल, लांब गेला तर उपाशी. तेव्हा ‘झऱ्याच्या काठाला राहतात’ एवढंच लिहा.

जागा उरली तर हिंदी महासागरातली गोगलगायही घाला. २००१ मध्ये सापडली, पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले. तिला ‘लोखंडी’ म्हणायचा मोह होईल, पण सल्फाइड वेगळं, लोखंड वेगळं. ‘लोहखवली’ म्हणा हवं तर.