टीव्ही किती पाहावा हे ज्याचं त्याने ठरवावं, दुसऱ्याचा मात्र बंद करू नये

प्रश्न असा आहे की विश्वासी माणसाने दिवसातून किती वेळ टीव्ही पाहिला तर चालतो, आणि प्रार्थनागटातले एक ज्येष्ठ "टीव्ही घरात असणं हेच पाप" म्हणतात ते पवित्र शास्त्राला धरून आहे का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. नाही, धरून नाही. पहिल्या भागाचं उत्तर तासांत मागू नका. कुणी तासांचा आकडा सांगितलाच तर तो त्याच्या मनचा असेल, शास्त्रातला नाही.

स्तोत्र 101:3, फिलिप्पैकरांस 4:8 आणि इफिसकरांस 5:16 ही वचनं त्या ज्येष्ठांनी तुम्हाला ऐकवली असणारच. डोळ्यांपुढे वाईट गोष्ट ठेवू नये, जे शुद्ध आणि प्रशंसनीय आहे त्याचंच मनन करावं, वेळ वाया घालवू नये. तिन्ही वचनं मला मान्य आहेत. पण हीच वचनं एकामागून एक म्हणत माझ्या थोरल्या भावाने आईच्या खोलीतला टीव्ही भिंतीवरून उतरवला होता, म्हणून हा प्रश्न वाचून मला गप्प बसवलं नाही.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण नंतर ती नीट उभी राहिलीच नाही. सगळं आयुष्य मंडळीच्या स्त्रियांच्या सभेचं काम केलेली, उपासनेत पहिल्या बाकावर बसणारी बाई. आता तिचं जग म्हणजे पलंग, औषधांचं स्टूल आणि समोरचा टीव्ही. नजर अधू झाल्यामुळे शास्त्र हातात धरून वाचता येत नव्हतं, पण पडद्यावरचं मोठं चित्र दिसायचं. रविवारी सकाळी उपासनेचं प्रक्षेपण, संध्याकाळी एक मालिका आणि एरवी प्राण्यांचं चॅनल. बोटं आखडलेली, म्हणून चॅनल बदलायच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला होता. आवाजाच्या बटणावरची खूण तर तिच्या अंगठ्याने केव्हाच पुसून टाकली होती. देवमासे दिसले की ती 104 वं स्तोत्र म्हणायला लागायची. अफाट समुद्र, त्यात असंख्य लहानमोठे जीव, आणि देवाने त्यात खेळायला निर्माण केलेला लिव्याथान, म्हणजे समुद्रातला अजस्र प्राणी. सगळं तोंडपाठ. त्या खोलीत याहून चांगली भक्ती कुणी शिकवली असती?

दादा एका संजीवन सभेहून, म्हणजे विश्वास नव्याने जागवायच्या सभेहून, परत आला तो पेटूनच. घरात सैतानाचा डबा नको, असं त्याने जाहीर केलं. हॉलमधला टीव्ही काढला तोपर्यंत माझी काही हरकत नव्हती, त्याचं घर, त्याची मुलं. मग तो आईच्या खोलीत गेला. आई एवढंच म्हणाली, "तुझं घर आहे बाबा, तू म्हणशील तसं." ही संमती आहे असं दादाने त्या दिवशी धरलं आणि आजही धरतो. मी नाही धरत. दुसऱ्याच्या आधाराने जगणारं माणूस "नको" म्हणायला कचरतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा भिंतीवर टीव्हीच्या मापाचा स्वच्छ चौकोन दिसत होता, भोवतीचा रंग मळलेला. दोन स्क्रू तसेच बाहेर आलेले, वायरच्या टोकाला काळी चिकटपट्टी. आई त्या चौकोनाकडे तोंड करून पडली होती. तक्रार एका शब्दाची नाही. मला विचारलं काय, तर रविवारी संदेश कोणत्या वचनावर झाला. ते सांगणारंसुद्धा तिच्याजवळ कुणी नव्हतं.

रात्री दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, आईच्या आत्म्याची जबाबदारी माझ्यावर आहे. मी मार्क 7 काढून त्याच्यापुढे ठेवला. आईबापांना जे द्यायचं ते "देवाला अर्पण केलं" असं सांगून मोकळे होणाऱ्यांना प्रभू येशूने तिथे झाडलंय, आणि तेही धर्माची फार काळजी घेणाऱ्या माणसांना. आईची करमणूक काढून घ्यायची आणि ती देवाच्या नावावर खर्ची घालायची, हे वेगळं काय आहे? दादा उत्तरला नाही, उठून गेला. मग झोपेपर्यंत कानात इअरफोन घालून मोबाइलवर प्रवचनं ऐकत बसला. आतल्या खोलीत आई पाणी मागत होती ते मला ऐकू आलं, त्याला नाही.

इथे मला प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन आठवतो. त्याच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या दहाव्या भागात तो सांगतो की कुत्रा सशाचा पाठलाग करतो ते पाहायला मी आता रंगणात जात नाही, पण तीच शर्यत वाटेत शेतात दिसली तर माझं चित्त तिच्यामागे धावतं. घरी बसलेला असताना पाल माशा पकडते किंवा कोळी त्यांना जाळ्यात गुंडाळतो, तेवढंही मला ओढून नेतं. टीव्हीच्या दीड हजार वर्षं आधीचा माणूस हे लिहितो. ओढ आपल्यात आहे, ती पाल पाहूनही जागी होते. डबा भिंतीवरून उतरवला की ती उतरली असं समजणारे स्वतःला फसवतात. दादाची ओढ टीव्हीवरून मोबाइलवर गेली आणि विषय धार्मिक असल्यामुळे त्याला ती दिसली नाही.

हा वाद काही आजचा नाही. इसवी सन 200 च्या सुमाराला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने रोमन खेळतमाशांविरुद्ध ग्रंथच लिहिला. 1642 मध्ये इंग्लंडमध्ये प्युरिटनांचा, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांचा, जोर असताना लंडनची नाट्यगृहं बंद झाली. दुसऱ्या बाजूला, पोप बारावे पायस यांनी 1957 च्या परिपत्रकात सिनेमा, रेडिओ आणि टीव्ही यांना देवाची देणगी म्हटलं, धोकेही सांगितले, आणि 1958 मध्ये असिसीच्या संत क्लेअरला टीव्हीची आश्रयदाती संत ठरवलं. तिलाच का, तर ख्रिस्तजयंतीच्या रात्री ती आजाराने अंथरुणावर होती, उपासनेला जाऊ शकली नाही, आणि ती उपासना तिला आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली. भिंतीवर दिसली असं परंपरा सांगते. आम्ही प्रोटेस्टंट, संतांना आश्रयदाते मानत नाही. पण ही गोष्ट मी दादाला सांगितली आहे आणि पुन्हा सांगेन, कारण तिच्यात आजारी बाईला उपासना पोहोचवायची कळकळ आहे. ती आमच्या घरात कुणाला नव्हती.

आमिश लोकांचं, म्हणजे आधुनिक यंत्रांपासून दूर राहणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती समुदायाचं, उदाहरण दादा देतो. ते टीव्ही ठेवत नाहीत, खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी तो निर्णय अख्ख्या समुदायाने मिळून पाळलाय, आणि त्यांच्यात म्हातारी माणसं घरच्यांच्या शेजारीच राहतात. त्यांच्याशी बोलायला कुणीतरी असतं. आईचा टीव्ही गेल्यावर तिच्यापाशी रोज संध्याकाळी बसून शास्त्र वाचून दाखवायचं कुणी ठरवलं होतं का? दादाने तेवढं केलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी तो टीव्ही माळ्यावरून काढून मी त्याच स्क्रूंवर परत लावला. दादाने बरेच दिवस बोलणं टाकलं. आई जाईपर्यंत टीव्ही तिथेच होता आणि मला त्याबद्दल तिळमात्र पस्तावा नाही.

आता तुमचं. संयमाची कसोटी 1 करिंथकरांस 6:12 मध्ये आहे: मोकळीक सगळ्याची आहे, पण कशाच्याही ताब्यात जायचं नाही. मालिकेच्या वेळेला कुणी घरी आलं तर कपाळावर आठी येते का? "एकच भाग" म्हणत रात्र सरते आणि सकाळची प्रार्थना बुडते का? शेजारच्या खोलीत कुणी हाक मारली तर ऐकू येते का? उत्तरं अवघड वाटली तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात टीव्ही पूर्ण बंद ठेवून पाहा, घरच्यांना न सांगता, न मिरवता. ईस्टरपर्यंत कळेल तो तुमच्या ताब्यात आहे की तुम्ही त्याच्या. आणि ज्याला पायांनी चालत मंडळीत जाता येतं त्याने टीव्हीवरच्या उपासनेवर भागवू नये. इब्री 10:25 त्याबाबत स्पष्ट आहे.

दोन गोष्टी राहिल्या. काही लोकांना थोडं पाहणं जमतच नाही, त्यांनी टीव्ही खरोखर घरातून काढावा. ऑगस्टीनचाच मित्र अलिपियस. मित्रांनी ओढून नेलं म्हणून तो रोमच्या रंगणात, माणसांच्या जीवघेण्या झुंजी पाहायला गेला, माझं मन इथे नसेल अशा घमेंडीत डोळे मिटून बसला. गर्दीची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि तो रक्तपात पिऊन घेतल्यासारखा पाहत राहिला. पुढे तोच इतरांना घेऊन तिथे जायला लागला. आपण अलिपियस आहोत हे ज्याचं त्याला माहीत असतं, आणि तुझा उजवा डोळा तुला अडखळवत असेल तर तो उपटून टाक, हे प्रभूचे शब्द अशा माणसासाठीच आहेत. मात्र त्यात "तुझा डोळा" म्हटलंय. लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी आईबापांनीच ठरवायचं असतं, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 च्या संदेशात म्हटल्याप्रमाणे मुलं सांभाळायचं काम टीव्हीवर सोपवणारे आईबाप आपलीच जबाबदारी टाकतात. दादाने मुलांसाठी हॉलमधला टीव्ही काढला ते म्हणूनच मला पटलं होतं.

त्या ज्येष्ठांशी वचनांची लढाई करू नका, रोमकरांस 14 वा अध्याय सोबत बसून वाचा. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हे तिथे सरळ लिहिलंय. ते स्वतः टीव्ही पाहत नसतील तर त्यांना मान द्या. तुमच्या घरी येऊन काढा म्हणत असतील तर पाळकांना मध्ये घ्या. आणि घरात कुणी आजारी किंवा वयस्कर असेल तर तिच्याशी आधी एकटीशी बोला, दाराबाहेर कुणी उभं नाही याची खात्री करून, आणि ती काय म्हणते त्यावर ठरवा.